तोंडी प्रयोग

संपादकांनी फोनवर ‘अध्यापनाच्या काळातल्या गोड आठवणी’ मागितल्या, तेव्हाच मी त्यांना सांगितलं, गोड हवं असेल तर खाजं मागवा, आमच्या मालवणात उत्तम मिळतं. माझ्यापाशी आहे तो राग आहे. ते हसले. त्यांना वाटलं, बाई विनोद करतायत.

मी आयुष्यभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. माझ्या तापटपणाचे किस्से विद्यार्थी एकमेकांना सांगतात हे मला ठाऊक आहे. ‘बाईंच्या नाकाचा शेंडा लाल झाला की समजावं, कुणीतरी प्रयोग न करता निरीक्षण लिहिलंय,’ ही त्यातली नेहमीची म्हण. खरी आहे. चोरून पास होणारा मुलगा मी एकवेळ सहन करीन, पण न पाहिलेलं ‘पाहिलं’ म्हणून लिहिणाऱ्याची वही मी खिडकीतून बाहेर फेकलेली आहे. पहिल्या मजल्यावरून. हा राग कुठून आला असं मुलं विचारत, आणि मी ‘कामाला लागा’ म्हणून विषय बदलत असे. आज सांगते.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होऊन फार वर्षं झाली नव्हती. मी मुंबईत एम.एस्सी. करून संशोधनासाठी नाव नोंदवलं होतं. आमच्या विभागप्रमुखांच्या डोक्यात एक कल्पना आली की संशोधन करणाऱ्या पोरांनी वर्षभर आपापल्या मुलखातल्या एकेका हायस्कुलात जाऊन तिथल्या शिक्षकांना पाठांची आखणी करायला मदत करावी. शिकवायचं नाही, फक्त आखणी. कुठल्या धड्यात कुठला प्रयोग, त्याला काय लागेल, मुलांना काय विचारायचं, हे शिक्षकाबरोबर बसून ठरवायचं. मी मालवणची, म्हणून मला तिथली एक शाळा दिली. मसुऱ्याहून कट्ट्याला येताना वाटेत एक गाव लागतं असं समजा. नाव सांगत नाही. सांगितलं तर उद्या सगळं गाव माझ्या दारात.

शाळेला अकरावी-बारावीचे वर्ग जोडलेले होते. रसायनशास्त्राला तिरोडकर सर. पन्नाशीचे, अंगाने बारीक, अक्षर मोत्यासारखं आणि स्वभाव लोण्यासारखा. मला पहिल्याच दिवशी त्यांनी ‘बाय’ केलं. ‘अगो बाय, मुंबयसून इलस, आधी च्या घे,’ म्हणाले आणि मग आपली टाचणाची वही पुढे ठेवली. बाहेरच्या माणसासाठी सांगते, टाचण म्हणजे शिक्षकाने तासाला जाण्याआधी लिहायचा आराखडा. घटक, उद्देश, साहित्य, प्रयोग, प्रश्न असे रकाने असतात. सरांचे सगळे रकाने भरलेले होते. फक्त ‘प्रयोग’ या रकान्यात पानोपान एकच शब्द होता, ‘तोंडी’.

‘सर, प्रयोग तोंडी म्हणजे?’

‘म्हणजे सांगायचा. परीक्षानळीत चुनखडी घेतली, आम्ल ओतलं, बुडबुडे आले. पोरां लिहून घेतत.’

‘आणि परीक्षानळी?’

‘ती कपाटात.’

त्यांना यात काहीच विचित्र वाटत नव्हतं. मला वाटलं, कुणीतरी माझी थट्टा करतंय. पण मग मी कपाट पाहिलं. ते प्रयोगशाळेत नव्हतंच, हेडमास्तरांच्या खोलीत होतं. काचेची दारं, आत चंचुपात्रं उंचीप्रमाणे मांडलेली, बाटल्या ओळीने, आणि किल्ली हेडमास्तरांच्या कमरेला. तपासणीला साहेब आले की कपाट पुसायचं, साहेब गेले की पुन्हा कुलूप. शाळेची प्रयोगशाळा गावात प्रसिद्ध होती. लग्नाची वरात आली तर पाहुण्यांना ती काचेतून दाखवत.

‘फुटलं तर जबाबदार कोण?’ हेडमास्तरांचा हा एकच प्रश्न. ते शुद्ध बोलत, हळू बोलत आणि नाही म्हणत. मी महिनाभर रोज त्यांच्या दारात उभी राहिले. शेवटी कंटाळून त्यांनी खालचा खण दिला. ‘वरचे दोन खण बोर्डाच्या परीक्षेचे. त्यांना हात लावायचा नाही.’ मी म्हटलं, बरं. तेवढ्यानेच मला आभाळ ठेंगणं झालं होतं.

मग सुरू झालं खरं काम. संध्याकाळी शाळा सुटली की सर आणि मी उद्याचा पाठ आखत बसायचो. कागदावर आखलेला पाठ आणि वर्गातला पाठ यांची गाठ फार क्वचित पडते हे मी तिथे शिकले. कार्बोनेटच्या पाठाला चुनखडी हवी होती, ती मागवायची तर कुठून, यावर सर तासभर बोलले. मी म्हटलं, सर, तुमच्या घरी काल काय होतं? म्हणाले, तिसऱ्यांची कढी. मग शिंपल्यां खंय टाकल्यास? दुसऱ्या दिवशी वर्गातल्या प्रत्येक मुलाने खिशातून तिसऱ्यांच्या शिंपल्या आणल्या होत्या. विरल आम्लाचे चार थेंब टाकल्यावर त्या फसफसल्या आणि मागच्या बाकावरचा एक आडदांड पोरगा ओरडला, ‘आयशीचो घो! जित्या आसत काय रे?’ त्यातला वायू चुन्याच्या निवळीत सोडला आणि ती दुधाळ झाली तेव्हा मागचे बाक रिकामे करून सगळा वर्ग टेबलाभोवती जमला.

शाळा समितीच्या एका सदस्याला हे कळलं. कट्ट्याला त्यांचं दुकान होतं. ते मुद्दाम येऊन सरांना म्हणाले, ‘शिंपल्यां शिकवूक मुंबयसून माणूस हाडलास? तां आमची कोंबडी पण उकरतत.’ सर घाबरले, मी भांडले. मी म्हटलं, कोंबडी उकरते, पण कोंबडीला वायू कुठला ते सांगता येत नाही. तुम्हाला येतं का? ते निघून गेले आणि मी एक शत्रू कायमचा मिळवला.

या वर्गात स्मिता परब होती. वडील गोव्याला खनिजाच्या बार्जवर खलाशी, आई घरी, पाठची दोन भावंडं. मुलगी बोलायची कमी. पण प्रत्येक गोष्टीचा वास घ्यायची. नळीच्या तोंडाशी नाक न्यायचं नाही, हाताने वारा घालून वास आपल्याकडे आणायचा, ही रीत मी एकदा सरांच्या तासाला उभी राहून दाखवली आणि तिने ती अशी उचलली की तिची आई बाजारात भेटल्यावर कुरकुरली, ‘बाई, ह्या काय शिकवलास? चेडू आता आमटीचो पण असोच वास घेता. शेजारी हसतत.’ स्मिताला औषधनिर्माण शास्त्राची पदविका करायची होती. गावात साध्या तापाच्या गोळीला मालवण नाहीतर कट्टा गाठावा लागे. तिला स्वतःचं दुकान काढायचं होतं. वडिलांनी सांगितलं होतं, मार्क चांगले पडले तर पाठवतो. आणि नाही पडले तर? ‘तर मामा स्थळ घेवन बसलोच आसा,’ ती म्हणाली. हे ती अशा आवाजात म्हणाली की पुढे विचारावंसं वाटलं नाही.

बारावीला बोर्डाच्या प्रात्यक्षिकात ‘सॉल्ट’ असतं. म्हणजे पुडीतून थोडी भुकटी देतात आणि ती कशाची हे ओळखायचं असतं. बहुतेक क्षार पांढरेच, डोळ्यांना सगळे सारखे. तेव्हा तापवून बघायचं, आम्ल घालून बघायचं, ज्योतीवर धरायचं, वास घ्यायचा आणि एकेक शक्यता काढून टाकत जायचं. बाजारात बाई मासळीचा कल्ला उचलून बघते, पोट दाबून बघते आणि मग दर विचारते, तसंच हे. यात पाठांतराचा उपयोग नाही. म्हणून मी आणि सरांनी आखलेल्या प्रत्येक पाठाच्या शेवटी फळ्यावर एकच वाक्य असायचं: दिसेल ते लिहा, वास येईल तो लिहा, काही झालं नाही तर काही झालं नाही असं लिहा.

डिसेंबरपर्यंत सर बदलले होते. अमोनियाचा प्रयोग त्यांनी स्वतः करून दाखवला. कॉस्टिक सोड्याबरोबर क्षार तापवला, झणका असा आला की त्यांच्याच डोळ्यांत पाणी उभं राहिलं. आम्लात बुडवलेली काचेची कांडी नळीपाशी नेली आणि पांढरा धूर दाटला. पोरं टाळ्या वाजवत होती. सर डोळे पुसत मला म्हणाले, ‘कॉलेज सोडल्यापासून हो वास घेवक नव्हतो गो.’ त्या दिवशी मला या माणसाबद्दल इतकं प्रेम वाटलं, की पुढे जे झालं ते मी त्यांना अजून माफ करू शकत नाही.

फेब्रुवारीत बोर्डाचे बाहेरचे परीक्षक आले. घाटावरचे गृहस्थ होते. आमच्याकडे बाहेरचा परीक्षक म्हणजे परीक्षक नव्हे, व्याही. त्याला उतरायला हेडमास्तरांचं घर, सकाळी शहाळं, दुपारी सुरमई, रात्री वडे-सागोती. मधल्या वेळात परीक्षा. यात लबाडी आहे असंही कुणाला वाटत नसे. पाहुण्याचं करायचं नाही तर कुणाचं करायचं?

आणि दुसरी रीत होती पाण्याच्या तांब्याची. प्रयोगशाळेचा शिपाई बाबल परीक्षा चालू असताना पोरांना पाणी पाजत फिरे. पाणी ओतता ओतता तो ज्याच्या त्याच्या कानात सॉल्टचं नाव सांगे. वर्षानुवर्षं हे चाललेलं. सरांना माहीत, हेडमास्तरांना माहीत, परीक्षकांना माहीत. मला माहीत नव्हतं. नियमाप्रमाणे मला आत जायची परवानगी नव्हती आणि मी बाहेर शिक्षकांच्या खोलीत बसून मूर्खासारखी देवाचं नाव घेत होते. आत माझी पोरं सॉल्ट ओळखतायत, असं समजत होते.

पहिली तुकडी बाहेर आली. सगळे हसत होते. ‘बेरियम क्लोराईड बाई, एकदम सोपा!’ मी खूश झाले. स्मिता मात्र शेवटी आली, पडलेल्या चेहऱ्याने.

‘बाई, सगळे बेरियम म्हणतत. माका अमोनियाचो वास इलो.’

‘नक्की?’

‘डोळ्यांत पाणी इला. कांडी धरलंय तर पांढरो धूर पण झालो. मी अमोनियम क्लोराईड लिवलंय.’

‘बाबलने तुला काही सांगितलं?’ हे मी सहज विचारलं, तो आत पाणी देत होता एवढंच मला ठाऊक होतं म्हणून. ती खाली बघायला लागली. मग म्हणाली, ‘सांगल्यान. पण माका वास इलो मां.’

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी तडक आत गेले. परीक्षक जेवायला गेले होते, सर भांडी मोजत होते. टेबलावर वरच्या खणातली बाटली होती, बेरियम क्लोराईड असं लेबल असलेली. पहिल्या तुकडीतल्या सगळ्यांना त्याच बाटलीतली पूड दिली होती. मी चिमूटभर नळीत घेतली, कॉस्टिक सोडा घातला आणि स्पिरिटच्या दिव्यावर धरली. नाक जवळ न्यायची गरजच पडली नाही. सर चार हातांवर उभे होते, त्यांनी तोंडावर रुमाल धरला.

‘बाबल!’ मी किंचाळले.

बाबल आला. बिचारा खोटं बोलला नाही. लेबलं चिकटवायला तो भाताची खळ वापरत असे, आणि खळ म्हणजे झुरळांना मेजवानी. कुलपातल्या खणात पावसाळाभर त्यांनी लेबलं खाऊन टाकली होती. ‘दोन पांढऱ्यो बाटल्यो हुत्यो बाई. खंयची खंयची तां देवाक म्हायत. मी अंदाजान लिवलंय. कोण उघडून बघता हुता?’

झुरळांवर माझा राग नाही. बाबलवरही फारसा नाही. त्याने चूक केली ती कपाट बंद ठेवणाऱ्यांच्या जिवावर. पण विचार करा, वर्गातल्या त्या सगळ्या पोरांनी बेरियमच्या एकूण एक कसोट्या लिहिल्या होत्या. पिवळा साका आला म्हणून लिहिलं होतं. ज्योत हिरवी झाली म्हणून लिहिलं होतं. माझ्या पोरांनी. ज्यांच्या डोळ्यांसमोर मी महिनोन्‌महिने तेच वाक्य फळ्यावर लिहीत होते, त्यांनी दिवा पेटवायचीसुद्धा तसदी घेतली नव्हती. ज्या एकटीने पेटवला, तिचंच उत्तर चूक ठरणार होतं.

मी आणि सर हेडमास्तरांच्या घरी गेलो. परीक्षकांच्या पानात सुरमईचा दुसरा तुकडा पडत होता. मी दारातूनच सगळं सांगितलं. परीक्षकांनी शांतपणे हात धुतले, मग म्हणाले, ‘तुम्ही म्हणता ते खरं धरलं, तर एक मुलगी बरोबर आणि बाकीचे सगळे चूक.’

‘हो.’

‘आणि बाकीच्या सगळ्यांना एकच चुकीचं उत्तर कसं सुचलं, हे मला बोर्डाला कळवावं लागेल.’

‘कळवा.’

मग हेडमास्तर म्हणाले, ‘बाई, तुम्ही पाहुण्या आहात. वर्ष संपलं की जाल. ही शाळा गावाने उभी केली आहे. सगळ्यांचा निकाल राहिला तर वर्ग बंद पडेल.’ त्यांचा आवाज चढला नाही, हेच मला सहन झालं नाही. मी खूप बोलले. त्यांच्या किल्लीबद्दल बोलले, कपाटाबद्दल बोलले, वरातींना प्रयोगशाळा काचेतून दाखवता म्हणून बोलले. हेडमास्तरांच्या सौ. आतून बाहेर येऊन दाराशी उभ्या राहिल्या. मी तिरोडकर सरांकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत होते.

‘सर, तुम्ही वास घेतला आहे. सांगा ना.’

सर म्हणाले, ‘मुलीचं नुकसान होऊ नये, एवढंच मला वाटतं.’

नुकसान होऊ नये म्हणून त्यांनी जो मार्ग काढला, तो असा. स्मिताला कोरा पेपर द्यायचा. तिने पुन्हा लिहायचं. बेरियम क्लोराईड. परीक्षक पैकीच्या पैकी मार्क देतील, जुना पेपर फाडून टाकतील. कुणाचंच काही बिघडणार नाही. हे ते तिघेही इतक्या मायेने बोलत होते की ऐकणाऱ्याला वाटावं, पोरीवर उपकारच चाललेत.

दुपारी स्मिताला आणि तिच्या आईला हेडमास्तरांच्या खोलीत बोलावलं. त्या कपाटाच्या शेजारीच टेबल होतं. हेडमास्तरांनी आईला समजावलं, मुलीकडून थोडी गफलत झाली, पण हुशार आहे, आम्ही तिला आणखी एक संधी देतोय.

‘खोटं आहे,’ मी म्हटलं. ‘गफलत नाही. स्मिता, तुझं उत्तर बरोबर आहे. मी स्वतः बाटली तपासली. लिहू नकोस. मी बोर्डापर्यंत जाईन.’

आई घाबरून एकदा माझ्याकडे, एकदा हेडमास्तरांकडे बघत होती. मग मुलीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, ‘लिव गो बाय. मास्तर सांगतत तां लिव. बापाशीक काय सांगू मी?’

स्मिता माझ्याकडे वळली. ती रडत नव्हती. म्हणाली, ‘बाई, तुमी बोर्डाकडे जाशात. निकाल अडकात. मगे तुमी मुंबयक जातलास. माका हयच रवाचा आसा.’

तिला मी काय देऊ शकत होते? एक वर्ष थांब, लढ, तोवर मामाला थोपवून धर, असं सांगू? माझा संताप खरा होता, पण त्या संतापाने तिचा प्रवेश होणार नव्हता.

ती बसली. पेन उघडलं. परीक्षकांनी कोरा पेपर पुढे सरकवला. तिने क्रमांक लिहिला, रकाने आखले, पट्टीने, नीट. कोरडी कसोटी लिहिली, आम्लाची लिहिली. मग थांबली.

‘सर, ज्योत लिवायची आसा.’

‘हिरवी,’ तिरोडकर सर म्हणाले.

‘हिरवी म्हणजे कशी सर? माका दिसाक नाय. पोपटी काय काळपट? तुमी बघलास असतली मां?’

सरांच्या कपाळावर घाम आला होता. मला त्या क्षणी कळलं की त्यांनी बेरियमची ज्योत कधी पाहिलीच नव्हती; त्यांनाही ती कुणीतरी सांगितलेली होती. हेडमास्तर कपाटाकडे बघायला लागले. आईला वाटलं, पोरगी उद्धटपणा करते, तिने तिला हळूच चिमटा काढला.

शेवटी परीक्षक म्हणाले, ‘सफरचंदी हिरवी लिही. पुस्तकात तसं आहे.’

‘सफरचंद लाल असता,’ स्मिता म्हणाली. तिच्या आवाजात थट्टा नव्हती. तिने तोवर सफरचंद बहुधा कट्ट्याच्या दुकानात लांबूनच पाहिलं होतं.

‘हिरवी पण असतात. लिही.’

तिने लिहिलं. सफरचंदी हिरवी ज्योत, तिच्या त्या गोल, स्वच्छ अक्षरात, आणि पुढच्या रकान्यात ‘बेरियम असावे’. मग पिवळा साका, मग निष्कर्ष. सही केली. परीक्षकांनी जुना पेपर तिच्यासमोरच चार तुकडे करून टोपलीत टाकला आणि म्हणाले, ‘हुशार आहे हो मुलगी.’ आईने त्यांना वाकून नमस्कार केला. स्मितालाही करायला लावला.

त्याच आठवड्यात शाळेने विद्यापीठाला कळवलं की मदतीची आता गरज नाही. मी विभागप्रमुखांना घडलेलं सगळं सांगितलं. ते म्हणाले, तुझ्या संशोधनावर लक्ष दे. बोर्डात एका अधिकाऱ्यासमोर जाऊन उभी राहिले. त्यांनी विचारलं, मूळ उत्तरपत्रिका कुठे आहे? ती टोपलीत होती. पुढे नोकरी लागली आणि मी माझ्या प्रयोगशाळेतल्या प्रत्येक कपाटाचं कुलूप पहिल्याच दिवशी काढून टाकलं. त्यापायी माझी किती भांडी फुटली आणि मी किती मेमो खाल्ले, तो वेगळा विषय. पण आजही ‘प्रात्यक्षिकाला सगळ्यांना चांगले मार्क पडतात’ असं कुणी कौतुकाने सांगितलं की मला त्याचा गळा धरावासा वाटतो. सगळ्यांना कसे पडतात? कुणाची तरी नळी फुटते, कुणाचा तरी दिवा विझतो, कुणाला तरी काहीच कळत नाही. सगळ्यांना सारखे मार्क पडतात तिथे दिवा पेटलेलाच नसतो.

स्मिताचा निकाल लागला. प्रात्यक्षिकात ती शाळेत पहिली होती आणि पदविकेला तिला प्रवेश मिळाला. मी सुट्टीला घरी होते, तर तिची आई मसुऱ्याच्या एस.टी.ने मालवणात आमच्या दारात आली. हातात पेढ्यांचा पुडा, अंगावर ठेवणीतलं लुगडं.

‘बाई, तुमच्यामुळे झाला,’ म्हणाली.

मी विचारलं, ‘स्मिता खंय?’

‘ती येवक नाय. चल म्हटलंय, तर म्हणता, बाई माझ्यावर रागावलेली आसत. त्येंच्या तोंडार जावची माका लाज वाटता.’

मी त्या माउलीला काय सांगितलं ते आठवत नाही. पुढच्या रविवारी मी त्यांच्या घरी गेले तर मुलगी वडिलांबरोबर गोव्याला गेली होती. पुन्हा गेले तेव्हा ती कॉलेजच्या गावी निघून गेली असं सांगण्यात आलं. ती घरी नाही असं मला सांगणाऱ्या तिच्या धाकट्या बहिणीच्या मागे, माजघराच्या दाराशी, कुणाचे तरी पाय दिसत होते असं मला वाटलं. मी हाक मारली नाही.

मी रागावले आहे, अजूनही. हेडमास्तरांवर, परीक्षकांवर, आणि तिरोडकर सरांवर सगळ्यांत जास्त. पण त्या खोलीत माझा जिच्यावर कणभरही राग नव्हता अशी एकच व्यक्ती होती, आणि तीच मला तोंड चुकवून राहिली.